सही करू नगंस गं बाई!



आज कुठल्या योजनेची माहिती नाही की लोणच्याची कृती नाही. आज बोलायचंय टीव्हीवरच्या मालिकांबद्दल. मी स्वतः मालिकांची शौकीन आहे, हे आधीच सांगून टाकते. ‘बायकांना काय, त्या सीरियली बघायला पाहिजेत’ असं नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूनं मी बोलणार नाही. दिवसभर शेणघाण, भांगलण, स्वयंपाक, डेअरीला दूध आणि रात्री अर्धा तास दुसऱ्याच्या घरात डोकावलं, तर कुणाचं काय बिघडलं?

पावसाळ्यातल्या एका रविवारी शेतात पाऊल टाकायची सोय नव्हती. दुपारी जुने भाग, संध्याकाळी महाएपिसोड, असा दिवसभर टीव्ही चालला. बघायला मी, आत्ती आणि शेजारच्या दोघी. गंमत म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर आमच्या तोंडून काय काय निघतंय ते टिपत गेले. ‘सांग की गं, गप का बसलीस?’ हे नऊ वेळा. ‘ही बया कदी सुधारायची न्हाई’ सात वेळा. ‘बिचारी’ किती वेळा, ते मोजायचं मी सोडून दिलं. आणि एकदा तर आत्ती खाटेवरून उठून टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, ‘सई करू नगंस गं बाई!’

आपण एवढ्या जिवावर का येतो? ती माणसं खोटी आहेत हे आपल्याला ठाऊक असतं की. पण रोज ठरल्या वेळेला तेच चेहरे घरात येतात, वर्षानुवर्षं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. इतक्या वेळा तर आपल्याकडं सख्खी नणंदसुद्धा येत नाही! १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ लागायची. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, आणि लोक त्यांना ढीगभर पत्रं लिहायचे. ‘रामायण’ लागलं की टीव्हीला हार घालणारी घरं तुमच्यापैकी थोरल्या बायकांनी बघितली असतील.

आता ‘सांग की गं’चं बघू. नायिकेला सगळं ठाऊक असतं. एका वाक्यात भांडण मिटेल. पण ती बोलत नाही, डोळे पुसते आणि आत जाते. का? कारण ती बोलली तर गोष्ट संपली, आणि उद्या परत भाग दाखवायचा असतो. मालिका ही दुकानाच्या दारातली जागा आहे, तिथं जाहिराती विकतात. अमेरिकेत १९३०च्या सुमारास रेडिओवर घरातल्या बायकांसाठी अशा श्रुतिका सुरू झाल्या, तेव्हा त्यांना पैसा पुरवायच्या साबणाच्या कंपन्या. म्हणून इंग्रजीत आजही अशा मालिकांना साबणाच्या नावानंच ओळखतात. आपल्याकडं नियमानं तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. त्या बघायला आपण बसून राहावं म्हणून नायिकेनं गप्प बसायचं.

आणि आपल्याला काय आवडतं हे त्यांना कसं कळतं? बार्क नावाची संस्था निवडक घरांत मीटर बसवते. देशात टीव्हीची घरं वीस कोटींच्या वर, आणि मीटर पन्नास हजारांहून थोडे जास्त. म्हणजे साधारण चार हजार घरांमागं एक. तो मीटर फक्त कुठलं चॅनेल चालू होतं आणि कोण बघत होतं एवढंच नोंदवतो. तुम्ही टाळ्या वाजवत बघितलं की शिव्या घालत, त्याला काही फरक पडत नाही. आमच्या सात ‘बयां’ची नोंद पसंती म्हणूनच झाली असती. तेव्हा एखाद्या मालिकेत बाईला मारहाण सोसून थोर ठरवायला लागले, तर नुसतं चिडून उपयोग नाही, चॅनेल बदलायचं.

बरं, सगळंच वाईट असतं असंही नाही. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीनं मुलं मोठी झाल्यावर नवऱ्यापासून वेगळं होऊन दुसरं लग्न केलं. एरवी ज्या विषयाला घरात कुणी तोंड फोडलं नसतं, त्यावर सासवा-सुना वाद घालत बसल्या. मला तरी ते मोठं काम वाटतं.

आणि आपल्या कोल्हापूरकरांना ‘तुझ्यात जीव रंगला’ कशी विसरेल? २०१६ साली ती सुरू झाली. राणादाचं ‘चालतंय की’ लहान पोरांच्या तोंडात बसलं. चित्रीकरण वसगड्याच्या वाड्यात चालायचं, तर लांब लांबून लोक गाड्या करून वाडा बघायला यायचे. शेवटी गर्दीनं गावातली माणसंच वैतागली. हौस समजू शकते, पण तिथं रोज राहणाऱ्या बायकांना पाणी आणायला, गुरं सोडायला वाट लागते हो. इस्टेटीसाठी कारस्थानं करणाऱ्या वहिनीसाहेबांचा तर आपल्याला केवढा राग यायचा! तो राग त्या पात्रावर काढा, नटीवर नको. ती तिची मजुरी करते.

पण इस्टेटीवरून त्या सहीकडं यायचंय. मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल.

मालिकेत दिरानं पोरीपुढं कागद ठेवला होता, ‘फक्त सही कर, बाकीचं मी बघतो.’ आम्ही चौघी ओरडलो. तेवढ्यात जाहिरात लागली. शेजारची, पन्नाशीची बाई, हळूच म्हणाली, ‘मी बी केलीया की सई. राखीपुनवंला म्हायेरी गेल्तो तवा.’ भावानं गाडीतून नेलं, साडी घेतली, सह्या आणि अंगठा घेतला. वाचून कुणी दाखवलं नाही. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. ‘मग ईचारलं न्हाईस व्हय?’ असं आत्तींनी म्हटलं, तर म्हणाली, ‘इचारलं असतं तर म्हायेर तुटलं असतं.’ टीव्हीतल्या त्या गप्प नायिकेवर आम्ही नऊ वेळा चिडलो होतो. हिच्यावर कुणी चिडलं नाही.

कायदा काय सांगतो, तो ऐका. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी झालेली असेल, तर ती मोडत नाही.

भावाला राजीखुशीनं हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण काय सोडतोय, किती गुंठे, कुठल्या गटातले, ते आधी सातबाऱ्यावर बघा. कागद आपल्या माणसाकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही नको आणि अंगठाही नको. ‘आज मुहूर्त आहे, उद्या वाच’ असं कुणी म्हटलं, तर सहीसुद्धा उद्याच करा.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र आपल्या मनानं मागं घेता येत नाही. फसवून किंवा दाबून सही घेतली असेल तर दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि साधारण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. तेव्हा ‘बघू पुढं’ म्हणत बसू नका. सातबाऱ्यावरून नाव कमी करायचं असेल तर आधी फेरफाराची नोंद होते आणि संबंधितांना नोटीस निघते. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. ती नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाऊन तिथंच राहू शकते, म्हणून माहेरचा सातबारा अधूनमधून काढून बघत जा. तो आता मोबाइलवरही दिसतो, घरातल्या शिकत्या पोरीला सांगा.

वकिलाचा खर्च कोण करणार, असं वाटत असेल. बाईला कमाई कितीही असली तरी मोफत कायदेशीर मदत मागता येते, १९८७ च्या कायद्यानं तो हक्क दिलाय. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्यायचा. सोबत आधार कार्ड, सातबारा, आठ-अ आणि सही केलेल्या कागदाची नक्कल न्या. नक्कल जवळ नसेल तर जिथं नोंदणी झाली त्या कार्यालयात अर्ज करून ती मिळते.