गळ्यातील ग्रंथी आणि आपले ताट

करामात खरेदीस गेले असता पूर्वी आपल्या भगिनी एकमेकींस मासळीचा भाव विचारीत. आता थायरॉईडचा आकडा विचारतात. कोणी गहू सोडला आहे, कोणी कोबी, तर कोणी सैंधवाखेरीज मिठास शिवत नाही. आमच्या परिचयातील एका भगिनीने 'दाहशामक आहार' सुरू करून रोजची गोळीच बंद केली. काही महिन्यांतच चेहऱ्यावर सूज आणि असह्य थकवा घेऊन त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे जावे लागले. म्हणून हे चार शब्द.

थायरॉईड मंदावण्याचे एक मोठे कारण म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणे. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी 1912 साली या विकाराचे वर्णन केले. योग्य आहाराने प्रकृतीस साहाय्य होते. परंतु ग्रंथीचा उणा पडलेला स्राव भाजीपाल्यातून भरून निघत नाही. त्यासाठी गोळीच हवी. ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-न्याहारी अर्ध्या ते एका तासाने करावी. कॅल्शियमची वा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी.

आता मिठाविषयी. कांगडा खोऱ्यात 1956 साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो, हे सिद्ध झाले. कोशेर करण्यासाठी मांसास लावावयाचे जाडे मीठ आणि सैंधव यांत बहुधा पुरेसे आयोडीन नसते. तेव्हा स्वयंपाकाचे मीठ पाकीट वाचूनच घ्यावे. गर्भवतींनी तर विशेष दक्षता बाळगावी. मात्र समुद्रशेवाळाच्या गोळ्या मनानेच घेऊ नयेत. आयोडीनचा अतिरेकही ग्रंथीस बाधतो.

मग ताटात काय असावे? खवले आणि पर असलेली आपली मासळी, विशेषतः बांगडा व तारली. वालाचे बिरडे, डाळी, पालेभाज्या, अंडी आणि फळे. तळण व गोडधोड बेताचेच असावे. शिजविलेला कोबी माफक प्रमाणात चालतो. गहू तपासणीवाचून सोडू नये; सीलिॲक रोग असेल तर मात्र तो वर्ज्यच.

आमच्या आजीच्या कोकणातील ताटात यांतील बरेच काही होतेच. ते ताट पुन्हा मांडू या. पण उशाजवळची गोळी विसरू नये.