कोंडलेला घमघमाट

तीन आठवड्यांपूर्वी धुतलेला टॉवेल कपाटातून काढा. नाकाशी धरा. फारसं काही जाणवत नाही. आता त्यानं खसाखसा तोंड पुसा. घमघमाट! इतके दिवस हा वास होता कुठे?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे रेणू उडून आपल्या नाकात शिरतात. थोडक्यात, ज्याचा वास येतोय ते संपत चाललेलं असतं. बूच उघडं राहिलेल्या अत्तराच्या कुपीचं काय होतं, हे कुणाला सांगायला हवं? मग धुण्याच्या पाण्यातून, पिळण्यातून, दोरीवरच्या उन्हातून सुटून हा उडाणटप्पू टॉवेलात गुपचूप बसतोच कसा?

तो बसत नाही, त्याला कोंडलेलं असतं. कपडे मऊ करायला शेवटच्या पाण्यात जे लिक्विड घालतात, त्यातल्या अनेकांत सुगंधी तेलाच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात. बाहेर पातळ कवच, आत तेल. एकेकीचा व्यास समजा २० मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला आणि चाट पडले. एक मिलिलिटर तेल भरायला अशा जवळजवळ २४ कोटी कुप्या लागतात! त्या धाग्यांच्या बेचक्यात अडकून राहतात. तोंड पुसलं की काही फुटतात, बाकीच्या उद्यासाठी.

हे डोकं अत्तरवाल्यांचं असेल असं वाटतं ना? छे! ते निघालं दुकानाच्या गल्ल्यातून. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर नावाची कंपनी होती, गल्ल्याची यंत्रं बनवणारी. पावतीची नक्कल हवी तर मध्ये कार्बन पेपर घाला आणि बोटं काळी करून घ्या, अशी तेव्हाची रीत. तिथल्या बॅरेट ग्रीन या रसायनतज्ज्ञानं वरच्या कागदाच्या पाठीवर रंगाच्या सूक्ष्म कुप्या बसवल्या. रंग कसला, तर बिनरंगी! खालच्या कागदावर एका खास मातीचा लेप. पेनाचा दाब पडला की कुपी फुटते आणि मातीशी गाठ पडताच तो रंग निळा होतो. १९५४ मध्ये हा कागद बाजारात आला. असं बिलबुक हाताशी असेल तर वरच्या पानावर नखानं जोरात रेघ ओढून बघा. खाली निळी उमटेल. रंगाच्या जागी सुगंध भरला की झालं खरवडून हुंगायचं स्टिकर. तेही १९६० च्या दशकात थ्रीएम कंपनीच्या गेल मॅटसन यांच्या कामातून आलंच.

पण एवढ्याशा थेंबाला कवच चढवतं कोण? हात तर शक्यच नाही. ग्रीन यांच्या पद्धतीत ते काम डिंक करतो, जिलेटिनला जोडीला घेऊन. दोन्ही कोमट पाण्यात विरघळवायचे, त्यात तेल घुसळून थेंब करायचे आणि मग पाणी जरा आंबट करायचं. बस्स! आंबटपणा वाढला की जिलेटिनवर धन विद्युतभार येतो, डिंकावर ऋण असतोच. दोघं एकमेकांकडे ओढले जातात, पाण्यातून वेगळे निघतात आणि समोर दिसेल त्या तेलाच्या थेंबाभोवती जमतात. पाणी गार केलं की हा लेप जेलीसारखा थिजतो. नंतर तो रसायनानं पक्का करतात. कवच बसवावं लागत नाही, ते आपलं आपण बसतं.

खाण्याच्या स्वादांची तऱ्हा याहून अजब. संत्र्याच्या सरबताची पूड घ्या. संत्र्याचं तेल डिंकाच्या पाण्यात घुसळतात आणि त्याचे तुषार दीडशे-दोनशे अंशांच्या गरम हवेत सोडतात. वास टिकवायचा म्हणून त्याला भट्टीत घालायचं? वेडेपणाच वाटतो. पण माठ आठवा. पाणी उडत असेतोवर थेंब गारच राहतो, मग बाहेर कितीही फुफाटा असो. तेवढ्यात त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखी डिंकाची पापडी धरते. पाण्याचे रेणू चिमुकले, ते तिच्यातून निसटतात. स्वादाचे रेणू थोराड, ते आत अडकतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. पुढे वर्षभरानं कुणी ग्लासात चमचाभर पूड ढवळतं, डिंक विरघळतो आणि संत्रं मोकळं होतं.

टॉवेलवाल्या कवचाला मात्र ही चैन नाही. पाण्यात विरघळून कसं चालेल? शिवाय त्याला महिनोन्‌महिने बाटलीतल्या लिक्विडमध्ये राहायचं असतं, आणि त्यातली रसायनं तेलाला बाहेर ओढायलाच टपलेली. म्हणून ही कवचं बरेचदा मेलामाइनच्या प्लास्टिकची करत आले आहेत, म्हणजे न फुटणाऱ्या ताटल्यांच्याच जातीची. फुटून रिकामी झालेली टरफलं पुढच्या धुण्यात मोरीतून वाहून जातात. युरोपीय संघानं २०२३ मध्ये अशा सूक्ष्म प्लास्टिकवर बंदी घातली आणि सुगंधाच्या कुप्यांना २०२९ पर्यंत सवलत दिली. तोवर लिक्विडमध्ये टिकेल, बोटानं फुटेल आणि मातीत कुजेल असं कवच शोधायचंय. प्रयोगशाळांच्या टेबलांवर त्यासाठी पुन्हा प्रथिनं, स्टार्च आणि आपला डिंक येऊन बसलेत.