वाड्यांतले विलायती पाहुणे

परदेशांत जडलेला स्नेह स्वदेशीं आणून ठेवला म्हणजे तो टिकतो कीं विटतो, ही शंका आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत आली असेल. हल्लीं आपल्या बहुतेक कुटुंबांतील कोणी ना कोणी परदेशीं असतें, आणि तिकडचे स्नेही "एकदां तुमच्या घरीं येऊं" असें म्हणत असतात. आपणहि "अवश्य या" म्हणून मोकळे होतों. ते खरोखरीच निघाले म्हणजे मग घरांत धांदल उडते. सन २०२३ च्या जानेवारींत असे तिघे पाहुणे आमच्या वाईच्या घरीं शुक्रवार सायंकाळपासून सोमवार सकाळपर्यंत राहून गेले. त्यांची ही हकीकत.

आम्ही उभयतां कांहीं वर्षें एडिंबरो शहरीं होतों. तेथील जुन्या दगडी इमारतींत एका सामाईक जिन्याभोंवतीं चार मजल्यांवर बिऱ्हाडें असतात. डिसेंबरांत तेथें सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारीं पावणेचार वाजण्याच्या आंतच मावळतो. अशा अंधारांत शेजार ही चैन नसून गरज असते. आमच्या खालच्या मजल्यावर साठी उलटलेलें एक स्कॉच जोडपें राहत असे, व त्यांच्या खालीं लिस्बनहून आलेली एक पोर्तुगीज शिक्षिका.

स्कॉटलंडांत नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ पर्यंत नव्हती. लोकांचा खरा सण नववर्षाचा. मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारा पहिला पुरुष काळ्या केंसांचा असावा व त्यानें कोळशाचा तुकडा घेऊन यावें, म्हणजे वर्षभर चूल थंड पडत नाहीं, असा तिकडे समज आहे. आमचे केंस पाहून साऱ्या जिन्यानें आम्हांस दरवर्षीं या कामीं जुंपलें. शुभशकुनी म्हणून आमची निवड दुसऱ्या कोणीं केल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

सन २०२० च्या एप्रिलांत वाईस आमच्या मातोश्री वारल्या. २३ मार्चपासून भारतांत येणारीं नेहमींचीं प्रवासी विमानें बंद झालेलीं होतीं. अग्नि काकूंच्या मुलानें दिला. आम्हीं तो फोनच्या कांचेंत पाहिला. साथीमुळें एकमेकांच्या घरांत पाऊल टाकण्यासहि मनाई होती. त्या रात्रीं खालच्या बाईंनीं भाताचें झांकलेलें पातेलें आमच्या दाराशीं ठेवलें आणि सात-आठ पायऱ्या उतरून त्या तेथेंच बसल्या. त्यांचे यजमान त्याहून खालीं, पोर्तुगीज मैत्रीण वळणावर. आम्ही उंबरठ्यांत बसलों. बोलणें फारसें झालें नाहीं. पण उजाडेपर्यंत कोणी उठलें नाहीं. पुढें तेराहि दिवस त्या पायरीवर कांहीं ना कांहीं येत राहिलें.

हें आम्हीं घरीं कधींच सांगितलें नव्हतें. घरांत वडीलधारें माणूस आतां काकूच, वय त्र्याऐंशी. दोघी जावांनीं चाळीस वर्षांहून अधिक काळ एक चूल सांभाळली होती. २०२२ सालीं आम्ही कायमचे परत आलों तेव्हां काकूंनीं भाकरतुकडा ओंवाळून टाकला, जेवूं घातलें, आणि त्या विषयावर एक अक्षरहि काढलें नाहीं. मुलगा असून आला नाहीं, एवढेंच त्यांस ठाऊक. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आम्ही ओळखून होतों.

अशा घरीं पाहुणे आले. उंबरठ्यांतच स्कॉच गृहस्थांनीं खिशांतून कागदांत गुंडाळलेला कोळशाचा खडा काढून काकूंच्या हातीं दिला. नववर्ष सुरू होऊन तेरा दिवस झाले होते, पण त्यांच्या मतें या घरांतलें त्यांचें पहिलें पाऊल तेंच. सायंकाळच्या वेळीं दारांत कोळसा! काकूंनीं एकवार आमच्याकडे पाहिलें आणि खडा नेऊन बंबांत टाकला. "उद्यां त्यांच्याच आंघोळीला होईल," एवढेंच म्हणाल्या.

थंडीविषयीं आमचा अंदाज साफ चुकला. हिमांत वाढलेल्या माणसांना वाईची थंडी ती काय, असें आम्ही धरून चाललों होतों. पण तिकडे थंडी दाराबाहेर राहते. आपल्याकडे ती रात्रीं घरांत मुक्कामास येते. फरशीच्या माजघरांत तिघेंहि पहांटे कुडकुडत बसलेलीं पाहून गोधड्यांची दुसरी फळी काढावी लागली.

खरी अडचण शनिवारीं सकाळीं आली. पोहे झाल्यावर स्कॉच गृहस्थ आपली बशी घेऊन मागच्या मोरीकडे निघाले. काकू आडव्या आल्या. "पाहुण्यानं उष्टं उचलायचं? आमच्या घरची रीत नाही ती." ते बिचारे बशी हातांत धरून अपराध्यासारखे उभे राहिले. त्यांच्या घरीं दुसऱ्याच भेटींत आमच्या हातीं भांडीं पुसण्याचें फडकें आलें होतें, आणि त्या दिवशीं आपण यांचे झालों असें आम्हांस वाटलें होतें. येथें त्यांस खुर्चीवर बसवून, पाटाला पाट लावून जेवूं घालावयाचें, म्हणजे त्यांच्या दृष्टीनें दाराबाहेरच ठेवावयाचें. हें काकूंस कसें सांगावें? आणि आदर म्हणजे येथें काय, हें त्यांस तरी कसें सांगावें? आम्ही दोन्हीकडे नुसते हंसलों.

त्या दिवशीं भोगी. काकू टोपली घेऊन बसल्या होत्या. पोर्तुगीज मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारांत उभी राहून एकेका जिनसेकडे बोट दाखवीत नांव विचारूं लागली. काकू म्हणाल्या, "बटाटा." ती दचकली. "कोबी." ती हंसूं लागली, आणि काकूंच्या कमरेच्या जुडग्याकडे बोट करून आपणच म्हणाली, "शाव्ह?" तो शब्द आपल्या चावीचाच. हे सारे शब्द तिच्याच पूर्वजांनीं आपल्याकडे आणून टाकलेले. "अगंबाई, ही तर मराठीच बोलते!" म्हणून काकूंनीं तिच्यापुढें ओल्या हरभऱ्याची जुडी सरकवली. तिच्यामागून स्कॉच बाईहि आल्या. दुपारीं तिळाची भाकरी, लोणी व भोगीची भाजी सर्वांनीं भुईवर बसूनच खाल्ली.

ढोल्या गणपति व कृष्णेचा घाट यांचें वर्णन वाचकांस नवें नाहीं. मेणवलीस मात्र आम्ही जरा रेंगाळलों. चिमाजी अप्पांनीं १७३९ त वसई घेतली, तेव्हां तेथून आलेली एक मोठी घंटा नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर टांगलेली आहे. तीवर बाळ येशूसह मेरीमाता आहे आणि १७०७ हें साल आहे. मैत्रिणीनें साल बोटानें चांचपलें. आम्ही जरा संकोचलों. लूट ती लूटच. ती म्हणाली, "ही माझ्याहून फार आधीं आली, आणि माझ्याहून बरी रुळली आहे."

रात्रीं शेगडीभोंवतीं बसलों असतां स्कॉच बाईंनीं मातोश्रींची तसबीर पाहिली आणि आमची परवानगी न विचारतां त्या रात्रीची गोष्ट सांगावयास आरंभ केला. भाषांतर करणें आम्हांस भाग होतें. स्वतःचें रडणें स्वतःच्या तोंडानें मराठींत सांगण्याचा प्रसंग वैऱ्यावरहि येऊं नये. दोनदां आम्ही थांबलों, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं वाक्य पुरें केलें. काकू निखाऱ्यांकडे पाहत होत्या. शेवटीं त्यांनीं एकच विचारलें, "भात कसला केला होता?"

नुसता पांढरा, मीठ घालून. सुतकांत काय चालतें तें ठाऊक नव्हतें, म्हणून बाकी कांहीं घातलें नाहीं, असें बाई म्हणाल्या.

"चुकलं नाही काही," काकू म्हणाल्या, व निजावयास गेल्या.

रविवारीं संक्रांत. गुळाच्या पोळ्यांचें जेवण झाल्यावर स्कॉच गृहस्थ हात बांधून बसून राहिले. बिचाऱ्यांनीं धडा घेतला होता. काकू मोरीवरून आल्या आणि त्यांच्या मांडीवर एक धुतलेलें धोतराचें फडकें टाकून म्हणाल्या, "अहो, वाट्या तेवढ्या कोरड्या करा." भाषांतराची गरज पडली नाहीं.

सोमवारीं दोघी पाहुण्या बायकांची ओटी भरून काकूंनीं त्यांस निरोप दिला. गाडी वळणाआड गेली, तरी त्या ओट्यावरच उभ्या होत्या. मग आमच्याकडे न पाहतांच त्यांनीं विचारलें, "त्या जिन्याला पायऱ्या किती होत्या रे?"

आम्हीं त्या कधीं मोजल्या नव्हत्या.