पदवी आणि पारख

गेल्या हिवाळ्यात भिलाईजवळच्या जुनवानीत, तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, एका आप्ताबरोबर काही तास बसण्याचा प्रसंग आला. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने गावाकडच्या दवाखान्याची चिठ्ठी मला वाचावयास दिली. तीत पाच औषधांची नावे होती आणि खाली ‘पुढे पाठविले’ एवढाच शेरा. पाठविणाऱ्याला कशाचा संशय आला, काय पाहून आला, याविषयी एक अक्षरही नव्हते. कारणमीमांसेविना आलेले टिपण आमच्या खात्यात परत पाठविले जाई. येथे तसेच टिपण घेऊन माणूस पुढे पाठविला गेला होता.

प्राथमिक आरोग्यसेवेतील निदान हे मोठ्या रुग्णालयातील निदानाची लहान आवृत्ती नव्हे. १९६१ साली केर व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: महिन्याभरात १,००० प्रौढांपैकी ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० डॉक्टरांकडे जातात, ९ रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात पोहोचतो तो एकच. आपले विद्यार्थी त्या एकावर शिकतात आणि पुढे त्या २५० जणांत बसतात. तेथे बहुतेक ताप आपोआप उतरतात. त्यांतला न उतरणारा ओळखणे हीच खरी परीक्षा. रक्तक्षयाने फिकट पडलेले मूल वारंवार सांधेदुखीने कळवळत असेल, तर छत्तीसगडमध्ये लोहाच्या गोळ्यांपूर्वी सिकलसेलची शंका मनात यावयास हवी.

अशी पारख कोणी करावी, हा वाद जुना आहे. १९४६ च्या भोर समितीपुढे सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांचा आकडा होता. त्यांपैकी जवळजवळ ३०,००० पदवीधर नव्हे, तर लायसन्शिएट होते. समितीने यापुढे पदवीधरच घडवावेत असे सुचविले. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदविले. राज्यनिर्मितीनंतर २००१ मध्ये छत्तीसगडने तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करून तोच प्रश्न पुन्हा उघडला. तो अभ्यासक्रम पुढे बंद पडला; त्यातून तयार झालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक मात्र आरोग्य केंद्रांत रुजू झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काल्पनिक रुग्णांच्या आधारे त्यांची कसोटी घेण्यात आली. नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. सहायकांच्या समर्थकांनी हा निष्कर्ष उचलून धरला. परंतु एकंदर दर्जाच बेताचा असल्याचे त्याच पाहणीने सांगितले होते, त्याची चर्चा क्वचितच झाली.

शेजारच्या गडचिरोलीने याहून उपयुक्त धडा दिला आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातील आरोग्यदूतांना बालकांचे श्वास मोजावयास शिकविले. दोन महिन्यांहून लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलात ५०, पाच वर्षांपर्यंत ४०: एवढ्या कसोटीवर न्यूमोनियाचा संशय घेऊन उपचार सुरू होऊ शकतात. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी बालमृत्यूंतील घट दाखविली. निर्णय सोपा केला, शिकविला आणि त्यावर देखरेख ठेवली, म्हणून तो विश्वासार्ह झाला.

पदवीची लढाई परिषदांना लढू द्यावी. शासनाने तूर्त दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक संदर्भचिठ्ठीवर ‘संशय’ आणि ‘कारण’ हे दोन रकाने सक्तीचे असावेत. आणि अंतिम निदान मूळ केंद्राकडे लेखी परत जावे. आपण चुकलो हे ज्याला कधी कळतच नाही, त्याची वीस वर्षांची सेवा हा अनुभव नव्हे. ती एकाच वर्षाची वीस वेळा झालेली पुनरावृत्ती असते.