स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती, देणं कुणाचं?

मित्राला गाडी दिली आणि अपघात झाला, की बहुतेक मालक म्हणतात, ‘मी तर गाडीत नव्हतोच.’ फौजदारी गुन्ह्यापुरतं हे चालतं. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा चालकावर लागतो. भरपाईचं तसं नाही. जखमी माणूस किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात, तेव्हा चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघेही सामनेवाले असतात. चूक चालकाची असली तरी देणं मालकावरही येतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो यासाठीच : मालकाच्या खिशात पैसे असोत-नसोत, रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळालीच पाहिजे.

आता मालक म्हणजे कोण? सगळ्यात महागात पडणारा गैरसमज इथेच आहे. ‘गाडी विकली, पैसे घेतले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, माझा संबंध संपला’, असं समजून किती तरी जण निवांत असतात. कायद्याच्या लेखी मात्र आरसीवर ज्याचं नाव, तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात गाडी मूळ मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुढे आणखी हातांत गेली होती. आरसीवरचं नाव कुणीच बदललं नव्हतं आणि अपघाताच्या वेळी विमाही नव्हता. गाडी विकून जवळपास दोन वर्षं झाली होती, तरी भरपाईची जबाबदारी न्यायालयाने आरसीवरच्या पहिल्या मालकावरच ठेवली. न्यायालयाची भूमिका मला पटते. गाडी किती हातांतून फिरली याचा माग काढत बसणं हे अपघातग्रस्ताचं काम नाही.

गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत डीलरसाठी वेगळी तरतूद आहे. त्याच्याकडे गाडी सोपवल्याची रीतसर सूचना आरटीओकडे गेली, की गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या एजंटाला ही तरतूद लागू नाही.

घेणाऱ्याचाही एक गैरसमज असतो : ‘पॉलिसी चालू आहे, नाव नंतर बदलू.’ कलम १५७ नुसार गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे जातो, हे खरं. पण त्याचा फायदा थर्ड पार्टीला होतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम करायला गेलात आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्याच नावावर असेल, तर कंपनी तो नाकारू शकते. विमा कंपनीकडे अर्ज करायची मुदत १४ दिवसांची आहे. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो विकणाऱ्याचा.

‘विमा गाडीचा असतो, चालवणारा कुणीही असो’ हे अर्धसत्य आहे. तुमच्या परवानगीने गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स असेल, तर थर्ड पार्टीचं संरक्षण त्यालाही मिळतं. लायसन्स नसेल तर? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अशा वेळीही न्यायाधिकरण कंपनीला आधी अपघातग्रस्ताला पैसे द्यायला लावू शकतं. मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. मात्र मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने तसा चालक नेमला, हे कंपनीने दाखवून द्यावं लागतं. ड्रायव्हर ठेवताना तुम्ही त्याचं लायसन्स पाहिलं, गाडी चालवून बघितली आणि लायसन्स पुढे बनावट निघालं, तर तुम्ही सुरक्षित असता. ते खरं आहे का, हे आरटीओत जाऊन पडताळावं अशी अपेक्षा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२० च्या एका निकालात म्हटलं आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्याला मात्र कसलीच सवलत नाही. कलम १९९अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

सर्वांत दुःखद गैरसमज चालवणाऱ्याच्या जिवाबद्दलचा. पॉलिसीत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण दिसतं, आणि घरचे समजतात की ते गाडीतल्या सगळ्यांसाठी आहे. ते फक्त मालकासाठी असतं, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. मैत्रीखातर गाडी मागून नेलेला माणूस स्वतःच्या चुकीने गेला, तर त्याच्या वारसांना ही रक्कम मिळेलच याची खात्री नसते. तो त्या गाडीपुरता थर्ड पार्टीही मानला जात नाही, कारण गाडी चालवताना तो मालकाच्याच जागी असतो. पगारी ड्रायव्हरबाबतची मालकाची कायदेशीर जबाबदारी मात्र थोड्या जादा हप्त्यात पॉलिसीला जोडता येते. गाडीत बसलेल्या पाहुण्यांना नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत संरक्षण नाही, त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते.

तुमची एखादी जुनी गाडी कधी विकली असेल, तर परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तिचा नंबर घालून मालक म्हणून कुणाचं नाव दिसतं ते आजच बघा. तुमचंच दिसत असेल, तर सह्या केलेल्या फॉर्मच्या प्रती घेऊन आरटीओ गाठा.