पगारवाढ मागे घेतली, तर मूळ पगार किती?

मागच्या महिन्यात आमच्या एका विद्यार्थ्याचे अब्बा शाळेत आले होते. कारखान्यात त्यांचा पगार २० टक्क्यांनी वाढून १८,००० झाला होता. मग काम कमी झालं आणि मालकाने वाढ मागे घेतली. मुनीमजींनी १८,००० चे २० टक्के, म्हणजे ३,६०० कापले आणि हातात १४,४०० ठेवले. "सर, आधी तर जास्त मिळत होते ना?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जुनी पावती काही सापडत नव्हती.

त्यांचं बरोबर होतं. वाढ दिली जाते ती जुन्या पगारावर, नव्या पगारावर नाही. मुनीमजींनी मात्र २० टक्के नव्या, मोठ्या रकमेचे काढले. साहजिकच जास्त कापले गेले.

मग उलटा हिशोब कसा करायचा? जुना पगार १०० धरा. २० वाढले की १२० होतात. म्हणजे आजचे १८,००० हे १२० भाग आहेत. १८,००० ला १२० ने भागलं की एक भाग १५० रुपये. असे १०० भाग म्हणजे १५,०००. हा मूळ पगार. आता ताळा करून पाहा: १५,००० चे २० टक्के ३,०००, बेरीज १८,०००. जमलं. मुनीमजींच्या १४,४०० वर २० टक्के चढवा, १७,२८० च होतात.

फरक महिन्याला ६०० चा, वर्षाला ७,२०० चा. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यात निघतो. आम्ही हाच हिशोब कागदावर लिहून दिला, ताळ्यासकट.

ही चूक फक्त मुनीमजींची नाही, आमच्या दहावीच्या वर्गातही निम्मी मुलं ती करतात. दुकानातही तेच. १८ टक्के जीएसटी धरून मिक्सर २,३६० ला पडला, तर मूळ किंमत काढायला १८ टक्के वजा करू नका. ११८ ने भागा, १०० ने गुणा, २,००० येतील. लग्नाच्या दागिन्यांवर जीएसटी ३ टक्के, तिथे १०३ ने भागायचं. बिल ६१,८०० चं असेल तर कराआधीची रक्कम ६०,०००.

मोबाईलवर करायचं असेल तर आणखी सोपं: २० टक्के वाढीला १.२० ने, १८ ला १.१८ ने, ३ ला १.०३ ने भागा. फक्त १.०३ च्या जागी १.३ दाबू नका, तो ३० टक्क्यांचा हिशोब होतो.