विक्रांतचे संग्रहालय आणि झाडीपट्टीची वर्गणी

भाऊबीज आटोपली आणि धानाची कापणी हातावेगळी झाली की वडसा, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा या झाडीपट्टीच्या टापूत गावोगावच्या मंडळांच्या बैठकी भरू लागतात, आणि त्यांत ठरावयाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या त्याच असतात: शंकरपट कोणत्या दिवशी, नाटक कोणत्या कंपनीचे, ठेका कितीचा, मंडप कोणाच्या बांधीत, आणि उत्पन्नातून काही उरलेच तर ते देवळाच्या सभामंडपाला द्यावयाचे की वाचनालयाच्या कपाटाला. दिवसा बैलांच्या जोड्या धावतात, रात्री कनातीच्या आत नाटक उभे राहते ते पहाट होईपर्यंत चालते, तिकीट काढणारा घरच्या पाहुण्यांसह येतो, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाचा कारभारी ओट्यावर बसून जमाखर्च वाचून दाखवितो. या रंगभूमीवर उभे आयुष्य घालविलेले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा नागर रसिकांचे लक्ष इकडे वळले. पण तिचे अर्थकारण अद्यापही क्वचितच कोणाच्या लेखणीचा विषय झाले आहे. लढाऊ विमानांच्या एका संग्रहालयाचा परिचय करून देण्यासाठी बसलो असता मला प्रथम या अर्थकारणाची आठवण व्हावी, याचे कारण पुढे यथावकाश येईल.

ते संग्रहालय म्हणजे मुंबईच्या बंदरात एकेकाळी उभी असलेली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने ‘हर्क्युलिस’ या नावाने जिची बांधणी आरंभिली, सप्टेंबर 1945 मध्ये जिचे जलावतरण झाले आणि युद्ध संपल्यामुळे जी पुरी होण्यापूर्वीच अडगळीत पडली, ती ही नौका भारत सरकारने 1957 मध्ये विकत घेतली, बेलफास्टच्या कारखान्यात पुरी करवून घेतली, आणि 4 मार्च 1961 रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते आपल्या आरमारात दाखल केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती मुंबईस पोहोचली तेव्हा तिच्या स्वागतास खुद्द पंडित नेहरू उपस्थित होते. सुमारे सातशे फूट लांबीच्या त्या डेकवरून विमान उडविणे हे मोठे कसबाचे काम. बॉयलरमधील वाफेच्या दाबाने चालणारा कॅटापल्ट विमानाला काही क्षणांत उड्डाणाचा वेग देई, आणि परतणाऱ्या वैमानिकाला विमानाच्या शेपटीचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अचूक अडकवून थोड्याच अंतरात थांबावे लागे. या डेकवर जेट विमान प्रथम उतरविणारे तरुण अधिकारी आर. एच. ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले.

एवढ्या परिचयाने तिचे मोठेपण कळणार नाही. ते कळते 1971 च्या डिसेंबरात. त्या वेळी तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले होते, त्यामुळे वेग मर्यादित, वेग मर्यादित म्हणून डेकवर मिळणारा वारा कमी, आणि वारा कमी म्हणून विमानांचे उड्डाण जोखमीचे. अशा अवस्थेत तिला बंगालच्या उपसागरात धाडण्यात आले. तिच्या शोधात निघालेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, आणि 4 डिसेंबरपासून विक्रांतवरील ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथील तळांवर असे हल्ले चढविले की पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद झाला. युद्धानंतर पुढे ‘सी हॉक’ गेली, 1983 पासून उभ्या दिशेने उतरू शकणारी ‘सी हॅरियर’ आली, डेकच्या टोकाला चढण बांधली गेली, आणि अखेर 31 जानेवारी 1997 रोजी विक्रांतने सेवेतून निवृत्ती घेतली.

निवृत्त हत्तीला कोण पोसणार, हा प्रश्न संस्थानिकांच्या पिलखान्यांनाही सुटला नव्हता. पण विक्रांतच्या बाबतीत तो सुटेल असे काही काळ वाटले. 2001 पासून तिच्यावर संग्रहालय सुरू झाले. जेथे एकेकाळी विमाने दुरुस्त होत त्या पोटातल्या विस्तीर्ण हँगरमध्ये ‘सी हॉक’, पाणबुड्यांचा माग काढणारे फ्रेंच ‘अलिझे’, ‘सी हॅरियर’ व हेलिकॉप्टरे मांडली गेली. मुख्यतः डिसेंबरातील नौदल सप्ताहात शाळांची मुले रांगा लावून येत आणि डेकवर धावत सुटत. परंतु ती नौदलाच्या गोदीतील बंदोबस्ताच्या हद्दीत उभी होती, आणि बंदोबस्त म्हटला की परवाना, ओळखपत्र, ठरावीक वेळ आणि ठरावीक वाट हे आलेच. रविवारी दुपारी सहज मनात आले म्हणून मुलाचे बोट धरून तेथे जावे, अशी सोय कधी झाली नाही. संग्रहालयाचा खर्च खात्याच्या तरतुदीतून, कायमच्या जागेचा विचार मंत्रालयाच्या दप्तरात, आणि प्रेक्षक मात्र वर्षातून एकदा. अशा या त्रिस्थळी व्यवस्थेत नौकेचे पोलाद समुद्राच्या पाण्याने झिजत गेले. 2012 मध्ये ती असुरक्षित ठरवून प्रेक्षकांना बंद करण्यात आली. मुंबईनजीकच्या ऑयस्टर रॉक या खडकाजवळ तिला कायमची स्थिर करण्याची योजना कागदावर होती. पण तिच्या खर्चाचा अंदाज शेकडो कोटींत गेला आणि भांडवल घालणारा कोणी खाजगी भागीदार पुढे आला नाही.

येथे आमच्या अरण्यप्रदेशाचा या विषयाशी असलेला संबंध सांगितला पाहिजे, कारण विमानांसाठी पैसा देण्याची या मुलखाला सवय जुनी आहे. ती त्याने आपण होऊन लावून घेतली की त्याला लावण्यात आली, एवढाच प्रश्न. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, ब्रिटिश हवाई दलाच्या 110 क्रमांकाच्या तुकडीची विमाने निजामाच्या देणगीतून आली आणि प्रत्येक विमानावर त्या देणगीचा उल्लेख रंगविलेला होता. तुकडीच्या नावातही ‘हैदराबाद’ कायमचे जोडले गेले. दुसऱ्या महायुद्धात त्याच दरबाराच्या देणगीने आणखी तुकड्या उभ्या राहिल्या. निजामाच्या खजिन्यात जो महसूल जमा होई त्यात राजुऱ्याच्या कास्तकाराचा वाटा असणारच. त्याच्या पैशाने फ्रान्सच्या आकाशात विमान उडाले आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती. इंग्लंडात 1940 साली पाच हजार पौंड ही स्पिटफायर विमानाची नाममात्र किंमत ठरवून गावोगाव, कारखान्यांत, शाळांत निधी जमविला गेला, आणि पैसे देणाऱ्या गावाचे नाव विमानावर लिहिले गेले. ही खरी वर्गणी. त्याच युद्धाचा निधी हिंदुस्थानात मात्र महसुली अधिकाऱ्यांच्या मार्फत गोळा होऊ लागला, तेव्हा त्याला वर्गणीपेक्षा पट्टीचेच स्वरूप आले, आणि तिचा जाच लोकांना किती वाटला असेल याची कल्पना 16 ऑगस्ट 1942 रोजी नागपंचमीच्या दिवशी चिमूरमध्ये उसळलेल्या उठावाकडे पाहून करता येते, जरी त्या उठावाची कारणे याहून पुष्कळ मोठी होती.

वीस वर्षांनी चित्र पालटले. 1962 मध्ये चीनचे आक्रमण झाले, राष्ट्रीय संरक्षण निधी सुरू झाला, आणि याच चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले. त्या सुवर्णदानात चांदा देशात अग्रेसर होता असे आजही चंद्रपुरात अभिमानाने सांगितले जाते. आकड्यांची शहानिशा इतिहासकारांनी करावी. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, ज्या मुलखाने वीस वर्षांपूर्वी सरकारी पट्टीचा जाच सोसला होता, त्याने आपल्या सरकारला सक्तीवाचून सोने दिले. त्या युद्धानंतर संरक्षणोत्पादन वाढविण्याचे जे धोरण आखले गेले, त्यातून भद्रावतीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला, आणि आज त्याच्या वसाहतीतील कित्येक कुटुंबांची तिसरी पिढी त्या परिसरात नांदते. तेव्हा समुद्र न पाहिलेल्या माणसाला युद्धनौकेचे काय, हा प्रश्न इकडे कोणी विचारू नये.

आता विक्रांतकडे परत वळू. लिलावाची कुणकुण 2013 मध्ये लागली आणि मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर ‘विक्रांत वाचवा’ म्हणून डबे फिरले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यांत नोटा टाकल्या, आणि पुढे 2022 मध्ये त्याच पैशांच्या हिशेबावरून फिर्यादही दाखल झाली, जिच्याविषयी लेखकाने मत देणे अनुचित होय. पण फिर्याद न होती तरी त्या डब्यांनी नौका वाचली असती असे मला वाटत नाही, कारण तो निधी मरणोन्मुख माणसाच्या उशाशी जमविलेला होता. ज्या वर्षांत लोकांनी तिच्यावर यावयाचे, तिच्या डेकवर लग्नांच्या मेजवान्या, शाळांची संमेलने, निवृत्त वैमानिकांची व्याख्याने व्हावयाची, आणि तिकिटाच्या पैशांतून तिचा रंग व डागडुजी चालावयाची, त्या काळात ती कुलुपात होती. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये तिला वाचविण्यासाठी केलेला अर्ज फेटाळला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अखेरची याचिका निकालात काढली, सुमारे साठ कोटी रुपयांना ती एका जहाजतोड व्यापाऱ्याकडे गेली, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये दारूखान्यात तिचे तुकडे होऊ लागले. त्यातले पोलाद घेऊन एका प्रख्यात कंपनीने 2016 मध्ये मोटारसायकल बाजारात आणली, आणि ती लोकांनी हप्ते भरून घेतली. नौका तरंगत असताना जिला वर्षाकाठी शंभर रुपये द्यावयाची सोय कोणी केली नव्हती, तिच्या चुऱ्यासाठी माणसे साठ-बासष्ट हजार मोजावयास तयार झाली. निधी नव्हता असे म्हणणाऱ्यांनी या आकड्याकडे पुन्हा पाहावे.

हा अनुभव एकदा आला असता तर त्यास दुर्दैव म्हणता आले असते. पण दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’ 2017 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचे संग्रहालय करण्याच्या 852 कोटींच्या योजनेस राज्याच्या मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मंजुरी दिली, आणि 2020 मध्ये तीही अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. आठशे बावन्न कोटींची मंजुरी हा एक प्रकारचा नकारच असतो, असे आता मानावयास हरकत नाही. याउलट विशाखापट्टणमने भव्यतेचा हव्यास धरला नाही. ‘कुरसुरा’ पाणबुडी 2002 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवली, 2017 मध्ये रस्त्यापलीकडे ‘तुपोलेव्ह 142’ हे अजस्र टेहळणी विमान उभे केले, फिरावयास येणाऱ्या माणसाच्या वाटेत तिकीटघर बसविले, आणि देखभाल नगरविकास प्राधिकरणाकडे सोपविली. गोव्यात बोगमाळो येथे ऑक्टोबर 1998 पासून चाललेले नौदलाचे विमानसंग्रहालयही असेच साधे आहे. एके काळी एअर इंडियाचे उतारू वाहणारे आणि मग नौदलात टेहळणी करणारे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ विमान तेथे उघड्यावर उभे आहे, आणि त्याच्या सावलीत सहलीची मुले डबे उघडतात. अमेरिकेतील सॅन डिएगोच्या ‘मिडवे’ या विमानवाहू नौकेची तऱ्हा आणखी निराळी. 2004 मध्ये उघडलेले ते संग्रहालय सरकार चालवीत नाही. एक लोकसंस्था चालविते. निवृत्त नौसैनिक तेथे विनावेतन वाटाडे होतात, सायंकाळी डेक समारंभांसाठी भाड्याने दिला जातो, आणि वर्षाला दहा लाखांवर प्रेक्षक येतात. तिथल्या व्यवस्थापकांना शंकरपट माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांचा कारभार वडशाच्या आसपासच्या कोणत्याही मंडळाला चटकन समजेल: खेळ आधी, तिकीट त्याबरोबर, आणि सभामंडपाचे बांधकाम उरलेल्या पैशांतून, दरसाल थोडे थोडे.

चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर विसापूरजवळ 2019 पासून सैनिकी शाळा सुरू आहे, आणि तिच्या आवारात सैनिकी इतिहासाचे दालनही आहे. सातारच्या पहिल्या सैनिकी शाळेनंतर राज्यात अशी दुसरी शाळा व्हावयास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला, तेव्हा ही मिळकत लहान नव्हे. आरमारी विमानाचे एखादे जुने धूड उद्या तेथे आणावयाचे ठरले, तर त्याच्या वाहतुकीचा, चौथऱ्याचा आणि दर पावसाळ्यानंतरच्या रंगाचा खर्च कोठून यावयाचा, याचा विचार करण्यासाठी मुंबईहून सल्लागार बोलाविण्याचे कारण नाही. भाऊबीजेनंतरच्या एखाद्या बैठकीला आरमोरी-वडशाकडचे चार अनुभवी कारभारी बोलवावे. ते विमानाविषयी फार विचारणार नाहीत. त्यांचे प्रश्न असतील ते मोटारी कोठे लावावयाच्या, बायकांसाठी प्रसाधनगृहे किती, शाळेच्या फाटकावरचा पहारेकरी रविवारी माणसांना आत सोडतो की नाही, ठेका कोणाच्या सहीने, आणि रात्रीची शेवटची एस. टी. मूलकडे किती वाजता सुटते.